प्रवासाला निघताना बॅगेत नेमक्या कोणत्या लेन्स ठेवायच्या?

सांजवेळ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसले एकदाची. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई, बारा दिवसांच्या प्रवासाला निघतोय. पहिले चार दिवस एका जुन्या शहरात, म्हणजे अरुंद गल्ल्या, दगडी इमारती, एक मोठं संग्रहालय वगैरे, मग पाच दिवस डोंगरात आणि शेवटी एका तळ्याकाठी निवांत.

माझ्याकडे कॅननचा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवाला डीएसएलआर आहे, सोबत आलेली १८-५५ एमएम आणि नंतर हौसेने घेतलेली ५५-२५० (आकडा लहान तितकं रुंद दिसतं, मोठा तितकं लांबचं जवळ येतं), दोन्ही एसटीएम, म्हणजे स्टेपिंग मोटरवाल्या. मागच्या प्रवासात दोन्ही नेल्या होत्या. ५५-२५० बहुतेक वेळ बॅगेतच राहिली, आणि जेव्हा खरंच लागली तेव्हा बॅग उघड, झाकण काढ, लेन्स बदल करेपर्यंत समोरचं सगळं संपून गेलेलं असायचं. आणि दुसरं म्हणजे संध्याकाळचे नि घरातले फोटो. एकजात हललेले. मोठ्या स्क्रीनवर बघताना अक्षरशः डोळ्यात पाणी आलं, कारण ते क्षण काही परत येत नाहीत.

आता एक नवी लेन्स घ्यायची असं ठरवलंय, एकच. डोक्यात तीन आहेत. सगळे म्हणतात ती ५० एमएम १.८ (हा दुसरा, एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), किंवा १०-१८ वाइड कारण मागच्या वेळी इमारती फ्रेममध्ये मावतच नव्हत्या, किंवा सरळ १८-४०० सारखी एकच मोठी घेऊन बाकीच्या घरी ठेवायच्या. इतकं वाचलंय की आता काहीच कळेनासं झालंय. प्लीज मार्गदर्शन करा.

रानवाटा

५० १.८ डोळे झाकून घ्या. १६० ग्रॅम वजन, खिशात मावते, पोर्ट्रेट काय येतात! मागचं सगळं लोण्यासारखं धूसर. माझ्या कॅमेऱ्यावरून ती उतरतच नाही.

टेकडीपल्याड

रानवाटा, तुमचा कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा आहे ना? सांजवेळताईंचा क्रॉप आहे, हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे. कॅननच्या क्रॉप सेन्सरचा आकडा १.६, म्हणजे ५० ची लेन्स त्यावर ८० सारखी दिसते. ८० म्हणजे चेहऱ्यांसाठी उत्तम पण अरुंद गल्लीत आणि खोलीत तुम्ही मागे सरकत सरकत भिंतीला टेकणार आणि तरी समोरच्या माणसाचं अर्धंच अंग फ्रेममध्ये येणार. मी ही चूक केलेली आहे. सबंध प्रवास मी लोकांना "जरा मागे सरका, अजून जरा मागे" म्हणत होतो.

घेण्याआधी एक करा, तुमची १८-५५ आहेच, ती ५० वर फिरवा, चिकटपट्टी लावून टाका आणि एक अख्खा दिवस घरात नि घराबाहेर तशीच वापरा. संध्याकाळपर्यंत उत्तर मिळेल, एक पैसा खर्च न करता.

रानवाटा

हो माझा फुल फ्रेम आहे, ते लक्षातच आलं नाही. चिकटपट्टीची युक्ती आवडली.

कवडसा

सांजवेळ, लेन्सबद्दल बोलण्याआधी तुमच्या मागच्या प्रवासाच्या फोटोंबद्दल बोलू. कारण तुम्हाला काय लागतं हे इथे आम्ही कितीही सांगितलं तरी तुमच्या त्या जुन्या फोटोंना जास्त माहिती आहे.

प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कितीच्या फोकल लेंथला, म्हणजे किती एमएमला काढला, अ‍ॅपर्चर किती म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडलं, शटर किती सेकंद उघडं होतं, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता किती, सगळं नोंदवलेलं असतं, एक्झिफ म्हणतात त्याला. कॉम्प्युटरवर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं, आणि लाइटरूम क्लासिक असेल तर फोकल लेंथप्रमाणे गाळून एका झटक्यात सगळी मोजदाद होते. मागच्या सहलीचे सगळे फोटो घ्या, फक्त चांगले नाही, फसलेले पण घ्या, आणि बघा किती कुठे पडतात. १८ वर किती, २४-३५ च्या आसपास किती, ५५ ला अडकलेले किती, २०० च्या पुढे किती. कागदावर चार रेघा मारून केलंत तरी चालेल.

आणि हललेल्या फोटोंचं. "हललेला" म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि दोघींचं औषध वेगळं आहे. एक म्हणजे आपला हात हलला. असा फोटो मोठा करून बघितला की भिंत, खांब, माणूस सगळंच एका दिशेने ओघळल्यासारखं दिसतं. दुसरी म्हणजे समोरचा माणूस हलला, तेव्हा मागची भिंत कोरीव असते आणि चेहरा किंवा हात तेवढा पुसट. तुमच्या १८-५५ मध्ये आयएस आहे, म्हणजे लेन्स हाताचा कंप सावरून घेते, तीन-चार स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पण समोरचा माणूस हलला तर आयएस काहीही करू शकत नाही. तिथे शटरच वेगात पाहिजे, म्हणजे एकतर जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स नाहीतर वाढवलेला आयएसओ.

तेव्हा दहा हललेले फोटो उघडा आणि बघा, भिंत पण हललीये का. मग पुढचं बोलू.

चिमणपाखरू

मी वेगळं मत मांडते. माझी दोन लहान मुलं आहेत आणि मी गेली कित्येक वर्षं एकच १८-२०० घेऊन फिरते. एका हातात पोराचा हात, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, लेन्स बदलायला तिसरा हात आणू कुठून? वाऱ्यात, धुळीत, बोटीवर लेन्स काढायची म्हटलं की जिवावर येतं. लोक म्हणतात शार्पनेस कमी असतो, असेल, पण जो फोटो निघाला तो निघाला. सांजवेळ, तुम्ही स्वतःच लिहिलंय की लेन्स बदलेपर्यंत सगळं संपून गेलं. मग त्याचं उत्तर एकच लेन्स हे नाही का?

कवडसा

चिमणपाखरू, तुमच्या परिस्थितीत मीही तेच केलं असतं, मनापासून सांगतो. पण सांजवेळची दुसरी तक्रार अंधारातल्या फोटोंची आहे आणि तिथे या मोठ्या पल्ल्याच्या झूम लंगड्या पडतात. १८-४०० ही एफ ३.५ ते ६.३ आहे, म्हणजे झूम करत गेलात की प्रकाशाचं दार बारीक होत जातं. संग्रहालयातल्या अर्धवट उजेडात ती त्यांच्या आत्ताच्या लेन्सपेक्षा कणभरही जास्त प्रकाश घेणार नाही.

आणि वजनाचा हिशेब बघा. टॅमरॉनची १८-४०० साधारण ७१० ग्रॅम. त्यांची १८-५५ साधारण २०५ ग्रॅम, ५५-२५० साधारण ३७५ आणि त्यात कॅननची छोटी २४ एमएम २.८ धरली, ती १२५, तर तिघींची बेरीज ७०५. म्हणजे वजन तेवढंच. पण ७१० ग्रॅम पूर्ण वेळ गळ्यात लटकणार आणि हे ७०५ वाटून घेतलेलं, गळ्यात कधी १२५, कधी २०५, बाकीचं पाठीवर. सकाळी फरक वाटत नाही, दुपारी चारला मान सांगते.

सांजवेळ

कवडसादादा, दोन रात्री जागून मोजलं! नवराही मदतीला बसला, तो आकडे सांगत होता आणि मी रेघा मारत होते.

निम्म्याहून जास्त फोटो बरोब्बर १८ वर. मग ५५ वर एक ढीग. मधले २४ ते ४० वाले बऱ्यापैकी. आणि ५५-२५० चे सगळे मिळून एका पानात मावले, त्यातले २०० च्या पुढचे मोजून अकरा. म्हणजे ४०० ची मला गरज नाही एवढं तर कळलं. पण १८ वर निम्मे म्हणजे मला १०-१८ वाइडच पाहिजे, बरोबर ना?

हललेल्यांचं पण बघितलं. तुम्ही म्हणालात तसे दोन प्रकार आहेत खरंच! घरातल्या फोटोंत भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट, काटे पण दिसतायत, आणि सासूबाईंचा हसतानाचा चेहरा पुसट. शटर १/१५, १/२० असे आकडे. आणि लांबचे जे आहेत ५५-२५० चे, त्यात मात्र सगळंच ओघळलेलं.

कवडसा

शाब्बास. एवढं कोणी करत नाही.

आता १८ च्या ढिगाबद्दल घाई करू नका. झूमच्या एका टोकाला फोटो साचण्याचे दोन अर्थ असतात. एक, तुम्हाला खरंच अजून रुंद पाहिजे होतं आणि लेन्स संपली. दुसरा, कॅमेरा चालू केला, लेन्स आधीच १८ वर होती, आणि झूम न फिरवता तसाच फोटो काढला. दुसरा प्रकार फार जणांचा असतो. ओळखायचं कसं तर ते १८ वाले फोटो परत बघा. जे काढताना पाठ भिंतीला टेकली होती किंवा मागे रस्ता संपला होता ते एका बाजूला. आणि जे नंतर तुम्ही क्रॉप केलेत, किंवा आत्ता बघताना वाटतंय की बाजूचं आकाश, रस्ता, वायरी नको होत्या, ते दुसऱ्या बाजूला.

लांबच्या ओघळलेल्यांचं सोपं आहे. फोकल लेंथ गुणिले १.६ करा, एक भागिले तेवढं शटर हा जुना अंदाज. २५० ला ते १/४०० येतं. आयएस चालू असेल तर त्याच्या बऱ्याच खाली जाता येतं पण वाऱ्यात उभं राहून, दम लागलेला असताना, मी जात नाही. डोंगरात दम लागलेलाच असतो.

धुकं

खूप छान चर्चा चाललीये, वाचनखूण साठवली. विषयाला थोडं सोडून, माझ्याकडे निकॉनची मिररलेस आहे, झेड माउंट, फुल फ्रेम. २४-१२० एफ ४ घ्यावी का २४-२००? फक्त प्रवासासाठी.

टेकडीपल्याड

धुकं, दोन्ही वापरल्यात. २४-१२० साधारण ६३० ग्रॅम आणि सबंध पल्ल्यात एफ ४. २४-२०० ही ५७० ग्रॅम, म्हणजे हलकी, पण ४ पासून सुरू होऊन ६.३ ला जाते. उजेडात फिरणं जास्त असेल, पक्षी, लांबचे डोंगर पाहिजे असतील तर २४-२००. संध्याकाळ आणि आतले फोटो असतील तर २४-१२०. मी २४-१२० वर थांबलो आणि १२० च्या पुढे लागलं तर नंतर क्रॉप करतो.

कोणी सोनीवाले असतील तर २८-७५ २.८ घेताना एक लक्षात ठेवा, ती २४ नाही, २८ पासून आहे. कागदावर चारच एमएम वाटतात पण कोन ८४ अंशावरून ७५ वर येतो, बंद जागेत ते जाणवतं. टेलीकडे, म्हणजे लांबच्या टोकाला, चार एमएम म्हणजे काहीच नाही, वाइडकडे मात्र एकेक एमएम मोजून घ्यायचा.

अवेळी

क्रॉपवाल्या निकॉनकरांसाठी माझा अनुभव लिहून ठेवतो, कोणाचे तरी पैसे वाचतील. मी सेकंडहँड ५० १.८ डी घेतली, विकणाऱ्याने "सगळ्या निकॉनवर चालते" असं ठणकावून सांगितलं. बसली व्यवस्थित. पण माझा डी ३००० मालिकेतला कॅमेरा, त्याच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटरच नसते, डी ५००० मालिकेतही नसते. तर ऑटोफोकस शून्य. लेन्सच्या नावात एएफ-एस पाहिजे, मग मोटर लेन्समध्येच असते. मी प्रवासाच्या आदल्या दिवशी हे शोधून काढलं आणि बहिणीच्या बाळाचे सगळे फोटो हाताने फोकस करत काढले, रांगणारं बाळ, एकही धड आला नाही. त्या सुट्टीतलं ते बाळ आता शाळेत जातं. अजून वाईट वाटतं.

सेकंडहँड लेन्स घेताना आणखी एक, मागचं-पुढचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, सोडून द्या. धुळीचे दोन-चार कण चालतात, फोटोत येत नाहीत.

सांजवेळ

अवेळी, वाचून गलबलून आलं. माझ्या हललेल्या फोटोंचं दुःख तेच.

कवडसादादा, परत बसून बघितले. तुम्ही बरोबर होतात. १८ वाल्यांपैकी घराबाहेरचे बहुतेक सगळे मी नंतर क्रॉप केलेले आहेत. एक तर असा आहे की पायऱ्यांवर सासूबाई बसल्यात, इतक्या छोट्या, आणि तीन चतुर्थांश फोटो म्हणजे रिकामा रस्ता. पाठ भिंतीला टेकलेले म्हणाल तर मोठी इमारत समोरून काढलेले पाच-सहा आणि दोन-तीन खोल्यांचे. बास.

चुलतभावाकडे १०-१८ आहे, ती शनिवार-रविवार मागून आणली. गंमत म्हणजे पहिल्या तासात वाटलं हीच घ्यायची, सगळं मावतंय! आणि घरी येऊन बघितलं तर सगळ्या फोटोंत सगळं मावलंय पण बघायचं काय तेच कळत नाही. आणि कडेला उभ्या असलेल्या नवऱ्याचं डोकं लांबट झालंय.

कवडसा

वाइड लेन्सचं तेच आहे. ती "मावण्यासाठी" घेतली की निराशा होते. १० ला तुमच्या कॅमेऱ्यावर जवळजवळ १०७ अंशांचा कोन दिसतो, १८ ला ७४. एवढा कोन घेतला की लांबचं सगळं आणखी लांब आणि बारीक होतं. डोंगराची अख्खी रांग डोळ्याला छातीवर आल्यासारखी वाटते आणि फोटोत क्षितिजावरची दातेरी रेघ होऊन बसते. वाइड वापरायची तर जवळ जायचं, एखादा दगड, पायवाटेचं वळण, गवताचं पातं हातभर अंतरावर घ्यायचं आणि मागे डोंगर राहू द्यायचा. आणि माणूस कधी कडेला ठेवायचा नाही, कडेचं सगळं ताणलं जातं.

उलट डोंगरात तुमची ती बॅगेत पडून राहणारी ५५-२५० बाहेर काढा. संध्याकाळी एकामागे एक निळ्या-करड्या रांगा दिसतात ना, त्या १५०-२०० ला घ्या. लोक म्हणतात टेली लेन्स अंतरं दाबते. खरं तर ते काम लेन्सचं नाही, अंतराचं आहे. आपण सगळ्याच डोंगरांपासून खूप लांब असतो, म्हणून त्यांच्या आपापसातल्या अंतराचा डोळ्याला फरक पडत नाही. टेली फक्त तेवढा तुकडा कापून मोठा करून देते. तोच तुकडा १८ च्या फोटोतून क्रॉप केलात तर अगदी तसाच दिसेल, फक्त बारीकसारीक तपशील नसतील.

त्या पाच-सहा इमारतींसाठी वेगळी लेन्स घेऊ नका. कॅमेरा उभा धरा, एक्स्पोजर मॅन्युअलवर लॉक करा, फोकस एकदा करून तोही मॅन्युअलवर टाका, आणि डावीकडून उजवीकडे चार-पाच फोटो काढा, प्रत्येकात आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग यायला हवा. घरी आल्यावर सॉफ्टवेअर जोडून देतं. हलत्या गर्दीवर नाही जमत, दगडावर छान जमतं.

रानवाटा

मग घेऊ तरी काय द्यायची त्यांना? ५० नाही, १०-१८ नाही, १८-४०० पण नाही.

कवडसा

त्यांच्याच आकड्यांत उत्तर आहे. घरातल्या हलत्या चेहऱ्यांचे फोटो आणि मधले २४ ते ४० वाले. म्हणजे त्या भागातली, जास्त प्रकाश घेणारी, एक छोटी प्राइम, झूम न होणारी.

मला दोन सुचतात आणि दोघींत खोट आहे, ती सांगतो. कॅननची २४ एमएम २.८ एसटीएम, १२५ ग्रॅम, बिस्किटाएवढी चपटी, या कॅमेऱ्यावर ३८ सारखी दिसते, म्हणजे खोलीत समोर बसलेले दोघं-तिघं सहज येतात. खोट अशी की किट लेन्स, म्हणजे तुमची १८-५५, २४ ला एफ ४ च्या आसपास असतेच, म्हणजे मिळतो एकच स्टॉप, दुप्पट प्रकाश. शिवाय हिच्यात आयएस नाही. तेव्हा स्थिर वस्तू, मूर्ती, खांब, रिकामी दालनं यांसाठी तुमची किट लेन्सच बरी, ती १/१० लाही हात सावरते. २४ माणसांसाठी.

दुसरी सिग्माची ३० एमएम १.४. ती ४८ सारखी दिसते आणि किट लेन्स ३० ला जेवढा प्रकाश घेते त्याच्या जवळजवळ दहापट घेते. फरक प्रचंड आहे. पण ४३५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या किट लेन्सच्या दुप्पट, आणि १.४ ला फोकसची पट्टी इतकी पातळ की जवळून डोळा फोकसमध्ये आणि कान बाहेर. त्यासाठी सराव लागतो.

आणि तिसरं, फुकटचं. आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त जा. तुमच्या त्या १/१५ वाल्या फोटोंचा आयएसओ किती होता बघा बरं.

सांजवेळ

८००. जवळजवळ सगळ्यांचा. कोणीतरी सांगितलं होतं ८०० च्या वर गेलं की दाणे येतात म्हणून मी तिथे कुलूपच लावून ठेवलं होतं.

कवडसा

३२०० केलं की १/१५ चं १/६० होतं. त्यात २४ ची २.८ धरली की १/१२५. १/१२५ ला बसलेला, बोलणारा, हसणारा माणूस स्पष्ट येतो. दाणे येतील, पण दाणेदार चेहरा चेहराच असतो, हललेल्याचं काही करता येत नाही. चालणाऱ्यांसाठी १/२५० धरा, पळणाऱ्या पोरांसाठी १/५००.

चिमणपाखरू

हे मलाही माहीत नव्हतं. माझ्या १८-२०० वरचे आतले फोटो याच कारणाने जात असणार. आजच बघते.

टेकडीपल्याड

आणखी एक गोष्ट जुळून आलीये. १८-५५ आणि ५५-२५०, दोन्ही एसटीएम असतील तर दोघींचा फिल्टर साइज ५८ आहे. एकच ५८ चा पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, दोघींवर चालेल. २४ चा ५२ आहे, तिच्यासाठी ५२ वरून ५८ ला नेणारी स्टेप-अप रिंग घ्या, धातूचं कडं असतं नुसतं.

तळ्यासाठी पोलरायझर घ्याच. पाण्यावरची चमक काढून तळाचे दगड दाखवतो, ओल्या पानांचा हिरवा रंग उघडतो, हे नंतर कॉम्प्युटरवर करता येत नाही. सूर्य आपल्या बाजूला असताना, म्हणजे काटकोनात, आकाशावर सगळ्यात जास्त परिणाम दिसतो. फक्त तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो म्हणून इमारतीच्या आत शिरताना आठवणीने काढा.

अवेळी

डोंगरातल्या थंडीतून उबदार खोलीत शिरताना कॅमेरा बॅगेत बंद करूनच आत न्या आणि तासभर बॅग उघडू नका. नाहीतर लेन्सवर, कधी आतल्या काचेवरही बाष्प धरतं, आणि ओल राहिली की पुढे बुरशी. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली, वाऱ्याकडे पाठ, आणि आधी बंद करायचा. दुसऱ्या लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल करून ठेवलं तर पाच सेकंदांत होतं. घरी दहा-वीस वेळा करून बघा, डोळे मिटूनसुद्धा जमायला लागतं.

सांजवेळ

सगळ्यांचे खूप खूप आभार. २४ मागवली. सिग्माचा मोह झाला होता पण वजन बघून सोडला. रोज रात्री नवऱ्याला समोर बसवून लेन्स बदलायचा सराव चालू आहे, तो घड्याळ लावतो.

सांजवेळ

धागा वर काढतेय, परवाच परत आलो.

शहरातले चारही दिवस बहुतेक वेळ २४ च कॅमेऱ्यावर होती. पहिल्या दिवशी हात सारखा झूम फिरवायला जायचा आणि तिथे काहीच नाही, मग लक्षात आलं की आपण दोन पावलं पुढे जायचं. दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कुठवर दिसणार ते कळायला लागलं. संग्रहालयात फ्लॅश आणि ट्रायपॉड दोन्हीला बंदी होती, तिथे १८-५५ लावली, भिंतीला खांदा टेकवून १/१३ ला काढलेली दगडी शिल्पं स्पष्ट आलीत. इमारतींचे जोडफोटो दोन मस्त जुळले, एक फसला कारण मधूनच ढग आला आणि अर्धी भिंत अंधारली.

डोंगरात ५५-२५०, तुम्ही म्हणालात तसंच. शेवटच्या दिवशी पहाटे सात रांगा मोजल्या फ्रेममध्ये, सगळ्यात मागची इतकी फिकट की आकाशच वाटावं. एकदा मात्र हळहळ झाली. कड्यावर एक मोठा पक्षी बसला होता, २५० ला पण ठिपकाच. त्या पाच मिनिटांसाठी १८-४०० पाहिजे होती हे खरं सांगते.

आल्यावर परत मोजदाद केली. १८ वरचे या वेळी पाचात एक सुद्धा नाहीत.

आणि एक फोटो. तळ्याकाठच्या खोलीत सकाळी सासूबाई खिडकीशी बसून बुटाची नाडी बांधत होत्या, एका बाजूने उजेड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, जीभ दातात धरलेली. मी दारातच बसले होते. २४, एफ २.८, १/१२५, आयएसओ १६००. नाडीचा पीळसुद्धा दिसतोय. सगळ्या प्रवासातून त्यांनी तेवढा एकच फोटो मागून घेतला, मोठा करून.

कवडसा

केवढा मोठा करताय? नाडीच्या तिथे फोकस आहे का चष्म्यावर?

सांजवेळ

चष्म्यावर. हात थोडे पुसट आहेत, नाडी ओढत होत्या ना. बारा बाय अठरा इंच सांगितलाय.

कवडसा

मस्त येईल. मॅट कागदावर घ्या, खिडकीचा उजेड चकाकणार नाही.